राग कुणाला असाइन केलाय?

'लॉगिन चालत नाहीये.' एवढं एकच वाक्य लिहून कुणी बग नोंदवला, तर आपल्यापैकी कुठलाही इंजिनिअर तो पाच मिनिटांत परत पाठवतो. कुठला फोन, कुठलं व्हर्जन, काय केल्यावर होतं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, लॉग कुठे आहेत? हे सगळं नसेल तर त्या बगकडे कुणी बघतही नाही. यात खडूसपणा काही नाही. समोरच्याने जे पाहिलं ते आपल्यालाही पाहता आलं पाहिजे, नाहीतर दुरुस्त करायचं काय?

आता एखादी बडी कंपनी इंटरनेटबद्दल एखादा वादग्रस्त निर्णय जाहीर करते. हाच इंजिनिअर त्या रात्री काय लिहितो? 'इंटरनेट संपलं.' 'हे लोक चोर आहेत.' एक मीम, एक हॅशटॅग, ॲप स्टोअरवर एक स्टार. तीन दिवस टाइमलाइन पेटलेली असते. सोमवारी सकाळी सगळे स्टँडअपला हजर, आणि कंपनीचा निर्णय होता तिथेच.

राग येण्याबद्दल माझी तक्रार नाही. राग यायलाच हवा. तक्रार आहे ती आपण तो ज्या दर्जाने मांडतो त्याबद्दल. ऑफिसात एका बटणाच्या रंगावर तीन पानांचा रिव्ह्यू लिहिणारे आपण, कोट्यवधी लोकांचं इंटरनेट बदलणाऱ्या निर्णयावर तीन शब्द लिहून झोपी जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. तंत्रज्ञांचा जाहीर विरोध चांगल्या बग रिपोर्टसारखा असला पाहिजे. नेमकं काय मोडतं आणि कुणाचं मोडतं, ते दुसऱ्या कुणालाही तपासता येईल असं लिहिलेलं, आणि ज्याला उत्तर द्यावंच लागेल अशा कुणाच्या तरी नावावर टाकलेलं. नुसता आरडाओरडा आपलं समाधान करतो आणि कंपन्यांना तो सहज परवडतो. तो मोजायला आणि ओसरेपर्यंत वाट बघायला त्यांच्याकडे पगारी माणसं असतात.

चुकलेल्या स्पेलिंगचा धंदा

हे मी हवेत बोलत नाही. आपल्या आधीच्या पिढीने हे करून दाखवलेलं आहे.

व्हेरिसाइन ही कंपनी .कॉम आणि .नेट या नावांची मूळ यादी सांभाळते, तेव्हाही आणि आजही. तुम्ही ब्राउझरमध्ये एखादा पत्ता टाइप करता तेव्हा ते नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं हे शोधताना शेवटी या यादीपर्यंत पोचावं लागतं. नाव यादीत नसेल तर 'असं नाव अस्तित्वात नाही' असं उत्तर मिळतं. हे 'नाही' फार कामाचं असतं. असंख्य प्रोग्राम त्या 'नाही'वर विसंबून चालतात.

१५ सप्टेंबर २००३ रोजी व्हेरिसाइनने ते 'नाही' म्हणणं बंद केलं. यादीत एक वाइल्डकार्ड नोंद टाकली. तुम्ही .कॉम किंवा .नेटमधलं कुठलंही अस्तित्वात नसलेलं नाव टाइप करा, तुम्ही थेट व्हेरिसाइनच्या 'साइट फाइंडर' नावाच्या पानावर पोचणार. तिथे शोधायची सोय आणि सोबत पैसे घेऊन लावलेल्या लिंका. जगभरातल्या लोकांच्या टायपिंगच्या चुका एका रात्रीत एका कंपनीचं दुकान झाल्या. कंपनीचं म्हणणं मोठं गोड होतं: वापरकर्त्याला कोरडा एरर दाखवण्याऐवजी आम्ही त्याला मदत करतोय.

या 'मदती'ला शिव्या घालून काही झालं नसतं. सामान्य माणसाला पान दिसत होतं, एरर दिसत नव्हता, म्हणजे त्याच्या लेखी सुधारणाच झाली होती. नेटवर्क चालवणाऱ्या लोकांनी वेगळा रस्ता घेतला. पहिल्या दिवसापासून त्यांनी काय काय मोडलं याची यादी करायला घेतली. स्पॅम फिल्टर मेल पाठवणाऱ्याचं डोमेन खरोखर अस्तित्वात आहे का ते तपासत. आता प्रत्येक खोटं डोमेन 'अस्तित्वात' होतं, त्यामुळे ती तपासणी निकामी झाली. पत्त्यात चूक असलेली मेल आधी आपल्याच सर्व्हरवर अडायची. आता ती व्हेरिसाइनच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायची, म्हणजे कोण कुणाला लिहितंय हे एका तिऱ्हाइताच्या संगणकाला कळण्याची सोय झाली. आणि इंटरनेट म्हणजे काही फक्त ब्राउझर नव्हे. जिथे माणूस पान बघत नसतो, प्रोग्राम उत्तराची वाट बघत असतो, तिथे 'मदतीचं पान' म्हणजे निव्वळ चुकीचं उत्तर.

दुसरीकडे, बाइंड हे जगात सर्वात जास्त वापरलं जाणारं डीएनएस सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमने दोन-तीन दिवसांत त्यात एक नवी सोय दिली. ती चालू केली की .कॉमकडून आलेली अशी बनावट उत्तरं तुमचा सर्व्हर 'नाही' असंच समजायचा. ज्याला वाइल्डकार्ड नको त्याने ते आपल्यापुरतं बंद करावं. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने आठवडाभरात एक टिपण प्रसिद्ध करून ही चाल तांत्रिकदृष्ट्या का घातक आहे ते मुद्देसूद मांडलं. आणि ज्या आयकॅन संस्थेशी व्हेरिसाइनचा करार होता, तिच्यापुढे हे सगळं पुराव्यासह ठेवलं गेलं. ३ ऑक्टोबरला आयकॅनने सेवा थांबवण्याची औपचारिक मागणी केली. ४ ऑक्टोबरला साइट फाइंडर बंद झालं. तीन आठवडेही लागले नाहीत.

कंपनी गप्प बसली नाही. पुढच्या वर्षी तिने आयकॅनवर खटला भरला. पण तो करारातल्या अधिकारांचा वाद होता. काय मोडलं याची यादी मात्र खोडून काढता आली नाही, कारण ती कुणीही आपल्या यंत्रावर तपासून बघू शकत होतं.

मोजणीत हरलो, तरी जिंकलो

तुम्ही म्हणाल, २००३ चं इंटरनेट लहान होतं, चार लोकांनी ठरवलं की व्हायचं. मान्य. म्हणून आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ, जिथे आपल्याकडे ना पॅच होता ना करार.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने भारतात 'इंटरनेट डॉट ऑर्ग' सुरू केलं. पहिल्या टप्प्यात सहा राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र होता. भाषांमध्ये मराठी होती. तीसेक वेबसाइट्स फुकट, बाकी इंटरनेटला नेहमीसारखे पैसे. त्याच वर्षी त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. डिसेंबरमध्ये मार्क झुकरबर्गने टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला फ्री बेसिक्सवर हवामान कळलं, शेतमालाचे भाव कळले, आता तो नव्या पिकांत पैसे घालतोय. अशा गोष्टीला विरोध करणारा माणूस दुष्टच वाटणार!

आणि त्या गोष्टीमागचा प्रश्न खोटा नव्हता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं मिळत असेल तर तुम्ही शहरात वायफायवर बसून नाही कसं म्हणता? हा प्रश्न हसण्यावारी नेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि काही लोकांनी ते दिलं.

त्याची सुरुवात आधीच झाली होती. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एक कन्सल्टेशन पेपर काढला होता. ११८ पानं, २० प्रश्न, आणि भाषा अशी की वाचता वाचता डुलकी लागावी. काही स्वयंसेवकांनी तो अख्खा वाचला. त्याचा सोप्या भाषेत सारांश केला, विसाच्या वीस प्रश्नांची उत्तरं तयार केली आणि लोकांपुढे ठेवली: वाचा, हवं तर बदला, पटलं तर पाठवा. महिन्याभरात ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेल्या. माझ्या पिढीला या मोहिमेतला विनोदी व्हिडिओ आठवतो. पण व्हिडिओने लोकांना दारापर्यंत आणलं. आत नेलं ते त्या वीस उत्तरांनी.

९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने दुसरा पेपर काढला. विषय नेमका: वेगवेगळ्या वेबसाइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावावेत का? प्रश्न चार. फेसबुकने आपलं सगळं बळ लावलं. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, रस्त्यांवर होर्डिंग, आणि फेसबुक उघडलं की समोर सूचना: फ्री बेसिक्स वाचवा. तयार मजकूर, एक बटण, की तुमच्या नावाने ट्रायला संदेश रवाना. लाखोंनी संदेश गेले. नुसती मोजणी करायची तर फेसबुक सहज पुढे होतं.

पण त्या तयार मजकुरात ट्रायच्या चार प्रश्नांची उत्तरंच नव्हती. डिजिटल समानता हवी, फ्री बेसिक्स हवं, एवढंच. ट्रायने फेसबुकला सांगितलं की तुमच्या वापरकर्त्यांना विचारलेल्या प्रश्नांवर मत द्यायला सांगा. जानेवारी २०१६ मध्ये तर ट्रायने कडक पत्र लिहून, एका गंभीर सल्लामसलतीचं तुम्ही जमवून आणलेल्या बहुमताच्या कौलात रूपांतर करताय, अशा अर्थाचं सुनावलं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम आला. मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी, मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड.

इथे कुणीतरी म्हणेल की तयार मजकूर तर दोन्ही बाजूंनी वापरला. खरंय. फरक एवढाच की एका मजकुरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं आणि दुसऱ्यात घोषणा होती. नियामकाला निर्णय घेताना कारणं लिहून द्यावी लागतात. कारणं देताना त्याला उत्तरं उपयोगी पडतात, घोषणा पडत नाहीत. संख्येने हरलेली बाजू म्हणून जिंकली.

त्या काळातला एक कागद मला अजून आदर्श वाटतो. आयआयटी आणि आयआयएस्सीतल्या पन्नासेक प्राध्यापकांनी डिसेंबरच्या अखेरीस एक निवेदन काढलं. त्यात तीन आक्षेप होते. लोकांसाठी 'मूलभूत' सेवा कुठल्या हे फेसबुक ठरवणार, हा पहिला. त्या सेवांची किंमत पुढे काय असेल हेही त्याच्याच हातात राहणार, हा दुसरा. आणि सगळा मजकूर फेसबुकच्या यंत्रणेतून जाणार असल्याने लोक काय वाचतात-लिहितात ते बघण्याची तांत्रिक क्षमता त्याच्याकडे असेल, हा तिसरा. शिवी एकही नाही, झुकरबर्गच्या हेतूवर भाष्य नाही. 'तुमचा हेतू चांगला आहे असं धरून चाललो तरी या रचनेत हे होऊ शकतं,' एवढंच. हेतूवर वाद घालत बसलात तर कंपनी हसरा चेहरा दाखवते. रचनेवर बोललात तर तिला आकृती काढून दाखवावी लागते.

वड्याचं तेल वांग्यावर

आता दुसरी बाजू. नुसत्या रागाने कधीच काही होत नाही का? होतं. एप्रिल २०१५ मध्ये एअरटेल झीरो योजनेत सामील होऊ घातलेल्या फ्लिपकार्टच्या ॲपला लोकांनी धडाधड एक-एक स्टार दिले आणि काही दिवसांत फ्लिपकार्ट बाहेर पडलं. हे यशच होतं. पण फ्लिपकार्ट गेलं म्हणून दुसरी कुठली कंपनी त्या जागी येणार नव्हती का? ते दार बंद झालं फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने.

आणि हेच हत्यार दोन वर्षांनी कसं चाललं ते आठवा. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब देश म्हटल्याचा आरोप झाला. आपल्या बहाद्दर जनतेने एक स्टार देऊन सूड घ्यायला सुरुवात केली, आणि त्यातल्या कित्येकांनी तो घेतला स्नॅपडीलवर! नावात 'स्नॅप' होतं, तेवढं पुरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. यावर आपण खूप हसलो. पण हा अपघात नव्हता. ज्या विरोधात 'कुणी, काय, कसं' लिहिण्याची जागाच नसते, तो कुणाच्याही अंगावर जाऊ शकतो.

याहून वाईट प्रकार आपल्याच जातभाईंनी केलाय. २०२३ मध्ये गूगलच्या काही इंजिनिअरांनी 'वेब एन्व्हायर्नमेंट इंटिग्रिटी' नावाचा प्रस्ताव गिटहबवर मांडला. तुमचा ब्राउझर आणि यंत्र 'अस्सल' असल्याचं प्रमाणपत्र वेबसाइटला मागता येईल, अशी कल्पना. धोका उघड होता. अस्सल कोण हे ठरवणारा उद्या लहान ब्राउझर, जाहिराती अडवणारी साधनं, लिनक्स वापरणारे, सगळ्यांना दाराबाहेर उभं करू शकतो. मोझिलाने आपला विरोध कारणांसह नोंदवला, इतर ब्राउझर बनवणाऱ्यांनीही भूमिका मांडल्या. पण त्या पानावर जो लोंढा आला त्यात मुद्द्यांसोबत शेरेबाजीचा ढीग होता, आणि काही जण तर प्रस्तावावर नाव असलेल्या माणसांवरच घसरले. शेवटी तिथली चर्चा नव्या लोकांसाठी बंद केली गेली.

म्हणजे दार बंद करायचं कारण आपणच हातात दिलं. ज्याने नोकरीचा भाग म्हणून प्रस्ताव लिहिला तो माणूस आपल्यासारखाच कुणीतरी आहे. सोमवारी त्यालाही स्टँडअप असतो. त्याला रडवून निर्णय बदलत नाही. उलट कंपनीतल्या ज्या लोकांना आतून तो प्रस्ताव खटकत होता, त्यांचीही बोलायची पंचाईत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलने प्रस्ताव मागे घेतला. त्याचं श्रेय कुठल्या एका प्रतिक्रियेला देता येणार नाही. पण आज मागे वळून वाचण्यासारखं जे उरलंय, ते मुद्देसूद आक्षेपच.

मग रागाचं काम काय? राग ही दाराची घंटा आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपचं नवं प्रायव्हसी धोरण आलं तेव्हा आपण सगळे सिग्नलवर पळालो होतो. फॅमिली ग्रुप काही हलला नाही, आणि बरेच जण गुपचूप परत आलो. तरी तो गदारोळ वाया गेला नाही. बातम्या वाचून भारतीय स्पर्धा आयोगाने स्वतःहून दखल घेतली, चौकशी लावली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिलंही झाली. घंटा वाजवल्याने दार उघडलं, हे खरं. पण आत जाऊन बोलायला कागद लागला. आपण अनेकदा घंटा वाजवून पळून जातो.

'हे मी तपासलं'

तंत्रज्ञ म्हणून आपल्याकडे एक गोष्ट आहे जी बाकीच्यांकडे नाही. कंपनी काय म्हणते आणि तिचं सॉफ्टवेअर प्रत्यक्षात काय करतं, यातलं अंतर आपण मोजू शकतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये ॲपलने जाहीर केलं की बालशोषणाची छायाचित्रं शोधण्यासाठी आयफोनवरच एक तपासणी चालवली जाईल. हेतूला कोण नाही म्हणेल? म्हणूनच 'ॲपल हाय हाय' म्हणण्यात अर्थ नव्हता. काय झालं? तपासणीचं 'न्यूरलहॅश' हे अल्गोरिदम जुन्या आयओएसमध्येच दडलेलं होतं. दोन आठवड्यांत एकाने ते बाहेर काढलं, आणि पाठोपाठ इतरांनी एकच हॅश देणारी दोन पूर्ण वेगळी चित्रं बनवून दाखवली. ॲपल म्हणालं, हे अंतिम रूप नाही, आणि पुढे आणखी तपासण्याही आहेत. पण आता चर्चा 'आमच्यावर विश्वास ठेवा'पासून 'दाखवा'पर्यंत आली होती. क्रिप्टोग्राफीतल्या जाणत्या लोकांनी एकत्र येऊन अशा रचनेचे धोके सविस्तर लिहिले. सप्टेंबरमध्ये ॲपलने योजना पुढे ढकलली, डिसेंबर २०२२ मध्ये सोडून दिली.

आपल्यातले बरेच जण इथे हात वर करतात. 'आपलं काम कोड लिहिणं. राजकारण नको.' पण साइट फाइंडर काय होतं? एका झोन फाइलमधली एक ओळ. ती कुणीतरी लिहिली, कुणीतरी रिव्ह्यू केली, कुणीतरी चढवली. कोड लिहिणं हेच जिथे धोरण ठरवणं असतं, तिथे 'मी फक्त कोड लिहितो' या वाक्याने सुटका होत नाही.

दुसरी अडचण खरी आहे. नोकरी. ईएमआय, व्हिसा, घरचे. आपल्या ऑफर लेटरसोबत सोशल मीडियाचं एक कलम असतं आणि ते कुणी वाचलेलं नसतं, तरी भीती मात्र सगळ्यांना असते. आधी ते वाचा. आपल्या कंपनीची गुपितं न फोडता, तिचं नाव न वापरता, एका सार्वजनिक कागदावर नागरिक म्हणून मत देणं आणि पोस्टमध्ये कंपन्यांना शिव्या घालणं यांत पुष्कळ अंतर आहे. गंमत अशी की जास्त धोका पोस्टमध्ये असतो आणि आपण बिनदिक्कत तीच करतो. आणि ज्याला खरोखरच नाव देता येत नाही त्यालाही काम आहे. प्राध्यापक, विद्यार्थी, स्वतंत्र काम करणारे सही करतील. तुम्ही मसुदा तपासा, टेस्ट चालवा, आकृती काढा, भाषांतर करा.

कंपनी मराठीत आली, आपण कधी येणार?

भाषांतर हा शब्द मी सहज वापरला नाही. मला सर्वात जास्त टोचणारी गोष्ट तीच आहे.

इंटरनेट डॉट ऑर्ग मराठीत आलं. त्याच्या बाजूने झुकरबर्गला गोष्ट सांगायची होती ती महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची. पण ट्रायचा पेपर इंग्रजीत, प्राध्यापकांचं निवेदन इंग्रजीत, मोहिमेचा मुख्य भार इंग्रजीवर आणि थोडा हिंदीवर. ज्याच्या नावाने सगळा वाद चालला होता, त्याला आपण काय समजावलं? 'नेट न्यूट्रॅलिटी धोक्यात आहे.' त्याने विचारलं असतं, ही कोण बाई?

समजावणं अवघड नव्हतं. समजा, गावातून बाजार समितीत माल न्यायला कुणीतरी फुकट टेम्पो दिला. उत्तमच. पण टेम्पो थांबणार ठरलेल्या तीस अडत्यांच्या गाळ्यांवरच. बाकी गाळ्यांवर जायचं तर भाडं भरा. कुठले तीस, ते टेम्पोवाला ठरवणार. वर्षभराने भाव कोण ठरवत असेल? हे कुठल्याही शेतकऱ्याला दोन मिनिटांत कळतं, आणि त्यावर तो आपल्यापेक्षा जास्त नेमके प्रश्न विचारतो. कदाचित तो म्हणेल, 'तरी मला टेम्पो पाहिजे, सगळ्या गाळ्यांवर थांबणारा द्या.' हे फार मोलाचं उत्तर आहे. सगळ्या इंटरनेटसाठी थोडा डेटा फुकट द्या, ही मागणी त्यातूनच निघते. ट्रायपुढे असे पर्याय मांडलेही गेले. पण ते ज्याच्यासाठी होते, त्याच्या तोंडून फारसे आले नाहीत.

आपण मराठी बोलणारे इतके इंजिनिअर आहोत. पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दीड तास अडकतो, बंगळुरूत आणि सिॲटलमध्ये आहोत. आपल्याला तांत्रिक गोष्ट आईला मराठीत सांगता येत नसेल तर ती आपल्याला कितपत कळलीय, हा प्रश्न आहे. निवेदनाची मराठी प्रत ही शोभेची वस्तू नव्हे. तिच्यामुळे स्थानिक पत्रकाराला बातमी करता येते, आमदार-खासदाराच्या कार्यालयात कुणीतरी वाचू शकतं, आणि 'हे चार शहरी पोरांचं खूळ आहे' असं कंपनीला म्हणता येत नाही.

तिकीट बंद करू नका

शेवटचा मुद्दा, आपल्या आवडत्या सवयीचा. जिंकलो की आपण तिकीट बंद करून टाकतो.

साइट फाइंडर गेलं. पण चुकलेल्या नावावर जाहिरातीचं पान दाखवायची तीच युक्ती पुढे अनेक देशांतल्या इंटरनेट पुरवठादारांनी आपापल्या पातळीवर चालू केली. गूगलने ब्राउझरचा प्रस्ताव सोडला, त्याच घोषणेत अँड्रॉइडवरच्या वेबव्ह्यूपुरता एक मर्यादित प्रकार पुढे आणला. भारतात २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या अटी दूरसंचार परवान्यांत आल्या, आपण पेढे वाटले. जुलै २०२३ मध्ये ट्रायने पुन्हा पेपर काढला, विषय व्हॉट्सॲपसारख्या सेवांचं नियमन. दूरसंचार कंपन्या आता म्हणत होत्या, मोठ्या वेबसाइट्सनी आमच्या नेटवर्कच्या खर्चातला वाटा उचलावा. २०१५ ला ग्राहकाकडून वेगळा दर घ्यायचा होता, आता वेबसाइटकडून. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. या वेळी कुठला विनोदी व्हिडिओ गाजला नाही, म्हणून आपल्यातल्या बहुतेकांना पेपर आल्याचं कळलंही नाही.

कंपन्यांकडे या कामासाठी पूर्ण वेळ विभाग असतात. आपल्याकडे संध्याकाळी उरलेला एक तास आहे. तो तास टाइमलाइनवर जाळायचा, की चार जणांनी मिळून एक पेपर वाचायला वापरायचा, एवढाच निर्णय आपल्या हातात आहे. चार जण म्हणजे चारच. एकाने वाचावा, एकाने तपासून बघावं, एकाने लिहावं, एकाने मराठीत आणावं. ट्रायचे पेपर त्यांच्या वेबसाइटवर सर्वांसाठी खुले असतात. उत्तराची मुदत आणि कुणाला पाठवायचं ते त्यातच छापलेलं असतं.

तर पुढच्या वेळी एखादा निर्णय वाचून तुमचं डोकं फिरलं, तर जरूर फिरू द्या. मग जिरामध्ये भरता तशा रकान्यांत तो राग भरा. काय मोडतं. कुणाचं मोडतं. कसं तपासायचं. काय व्हायला हवं. पर्याय काय. हे पाच रकाने भरता आले नाहीत, तर अजून वाचन बाकी आहे, पोस्ट थांबवा. आणि भरता आले, तर सहावा रकाना रिकामा सोडू नका. तिथे 'इंटरनेट', 'सरकार', 'सिस्टिम' असलं काही चालत नाही. एखादं कार्यालय, एखादा आयोग, एखादी मानकं ठरवणारी समिती, जिला उत्तर द्यावं लागतं तिचं नाव आणि मुदतीची तारीख लिहा. आपल्या प्रोजेक्टमध्ये कुणालाच असाइन न केलेल्या तिकिटाचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.